पगारेकाका बोट पास करतात

बेलवलीतल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला जी मुलं खाली खेळायला उतरत, त्यांतल्या आठदहा जणांच्या डाव्या मनगटावर निळ्या बॉलपेनची एक टिक असायची. टिक असली की समजायचं, हे मूल पगारेकाकांनी पास केलंय. नखं कापलेली, नाक पुसलेलं, डब्यातली भाजी संपवलेली, बुटाच्या नाड्यांना डबल गाठ. यातलं एकही कमी असलं तर टिक नाही, आणि टिक नाही तर खाली उतरायचं नाही. "रीवर्क!" असं काका ओरडायचे आणि ते पोर मुकाट्यानं बेसिनकडे वळायचं.

यशवंत पगारे अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शन डिपार्टमेंटला होते. यंत्राचा सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा आणि पास, रिजेक्ट किंवा रीवर्क असा निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. रिटायर होताना कंपनीनं त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं, पण शिक्का काढून घ्यायला विसरली, असं माझा नवरा मंगेश म्हणतो. काका बाजारात कलिंगड रिजेक्ट करतात. सोसायटीच्या टाकीचं झाकण त्यांनी तीनदा रीवर्कला पाठवलंय. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला तासभर प्रश्न विचारून त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "बाकी माल ठीक आहे. पण बोलताना आईकडे बघतो. होल्ड!" पुतणीनं त्याच्याशीच लग्न केलं. काका लग्नाला गेले, जेवणाला पास म्हणाले आणि नवऱ्याला अजून होल्डवरच ठेवलंय.

तर अशा माणसाच्या घरात पाळणाघर होतं. ते चालवायच्या सुमनकाकू. चामटोलीचं माहेर, बोलणं कमी, मांडी मात्र एकाच वेळी तीन पोरं मावतील एवढी मोठी. तीस वर्षं त्यांनी पोरं सांभाळली. माझी सानू सहा महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा काकूंकडे ठेवलं आणि उल्हासनगरला कामावर गेले. तिथे एका जीन्सच्या कारखान्यात मी ऑर्डरी बघते. त्या दिवशी मी दहा फोन केले. अकराव्याला काकांनी फोन उचलला आणि म्हणाले, "माधुरी, पोरगी पास आहे. तू नापास होतेयस. काम कर."

पगारेंना स्वतःचं मूल नाही. याबद्दल आपण हळू आवाजात बोलतो, काका बोलत नाहीत. कुणी नवीन माणसानं विचारलंच तर सरळ सांगतात, "ड्रॉइंगमध्ये होतं. प्रॉडक्शनला आलं नाही." आणि पुढच्या विषयाकडे वळतात. विचारणाराच बिचारा चहाच्या कपात तोंड घालतो.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. उठताना भिंत धरायच्या, बसताना "आई गं" म्हणायच्या. डॉक्टरांनी उठबस कमी करा सांगितलं. पाळणाघरात उठबस कमी करायची म्हणजे पाळणाघर बंदच करायचं. काकूंनी आठवडाभर तसंच रेटलं, मग एका सकाळी काकांना म्हणाल्या, "मला आता जरा बसायचंय हो." बस्स. दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली: "दिवाळीपासून लाइन बंद. चौकशी करू नये."

चौकशी अर्थातच झाली. सगळ्या आया मिळून गेल्या. पार चिखलोलीच्या नव्या टॉवरमधून दोघी रिक्षा करून आल्या होत्या. पुढच्या जूनपर्यंत तरी, निदान दोनच मुलं तरी, निदान शनिवारी तरी. काकांनी कुणालाही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "रिजेक्ट," म्हणाले. एक जण रडायला लागली तर म्हणाले, "रडणं ड्रॉइंगमध्ये नाही." जिना उतरताना सगळ्यांचं एकमत झालं की काकूंचं काही नाही, हा म्हाताराच पोरांना कंटाळलाय. मीही मान डोलावली, हे कबूल करते.

त्याच सुमाराला काकूंनी कधीतरी सहज म्हटलं होतं की एकदा असा समुद्र बघायचाय, जिथून काठ दिसत नाही. काकांनी ते मनावर घेतलं. काकांनी काही मनावर घेतलं की ते उतरत नाही. चार दिवस बोटीवर, काकूंना कुठलंही काम नाही, आणि मुख्य म्हणजे एकही पोर अंगाला चिकटता कामा नये, असा त्यांनी निश्चय केला. अडचण एवढीच की मुंबईहून सुटणारी जी बोट मिळत होती, ती होती फॅमिली क्रूझ. जाहिरातीत घसरगुंडीवरून पाण्यात पडणारी मुलं, कार्टूनचे मुखवटे घातलेली माणसं, आणि मधे कुठेतरी दमलेले आईबाप.

"तुम्ही तिथे काय करणार हो दोघं?" दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या. "तिथे सगळी मुलांचीच धमाल असते. तुमच्यासारख्यांनी आपलं महाबळेश्वरला जावं." काकू हसल्या. काका हसले नाहीत. "माल बघितल्याशिवाय निकाल नाही," म्हणाले, आणि त्याच दुपारी मला घेऊन उल्हासनगरच्या हरेशभाईंकडे गेले. हरेशभाई आमच्या कारखान्याच्या शेठच्या दुकानाशेजारी सहलींची बुकिंगं करतात.

काकांनी खिशातून कागद काढला. प्रश्न सतरा होते. बोटीवर साधारण किती मुलं असतात? पोहण्याच्या तलावावर त्यांची वेळ काय? जेवणाला मुलांची रांग वेगळी का एकच? अठरा वर्षांखालच्यांना मनाई आहे असा डेक आहे का, आणि असल्यास दारावर कोण असतं?

"साईं, जहाज है, जेल नहीं है," हरेशभाई म्हणाले. "आहे ना, वरती मोठ्यांसाठी वेगळा डेक आहे. एकदम शांती."

"तपासलंय तुम्ही?"

"मी तर उलटी के मारे केबिनमध्येच होतो साईं."

काकांनी कागदावर फुली मारली. मग शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांचा आवाज थोडा खाली आला. "नवरा-बायको दोघंच. मूल नाही. फॅमिली क्रूझवर चालतं का?"

हरेशभाईंनी चष्मा काढला. "अरे साईं, फॅमिली म्हणजे काय? मियाँ-बीवी फॅमिली नाही, तो क्या पड़ोसी हैं?"

काकांनी ते उत्तर कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. मला वाटलं आता बुकिंग होणार. पण काका माझ्याकडे वळले. "माधुरी, तुम्ही पण चला. तू, मंगेश, सानू."

"आम्ही कशाला?"

"तुलनेला एक पीस लागतो. मुलाशिवायचं जोडपं नमुना क्रमांक एक. मुलासकटचं नमुना क्रमांक दोन. त्याच बोटीवर, तेच जेवण, तोच समुद्र. मग निकाल लागतो. नुसतं एकालाच बघून काय कळणार?"

अशा रीतीनं आम्ही शास्त्रासाठी क्रूझला गेलो.

पहिल्या दिवशी बोटीवर चढायच्या रांगेतच परीक्षा सुरू झाली. आमच्या पुढे एका बाईच्या कडेवरचं दीड वर्षाचं पोर भोकाड पसरून रडत होतं. काकूंचे हात आपोआप पुढे गेले. "सुमन, हात खाली," काका म्हणाले. काकूंनी हात खाली घेतले. पोर आणखी जोरात रडायला लागलं. त्याच्या आईनं काकांकडे असं काही बघितलं की मी चार पावलं मागे सरकून आम्ही यांच्याबरोबर नाही असा चेहरा केला.

मग लाइफ जॅकेटची कवायत झाली. सगळ्यांना डेकवर उभं करून जॅकेट कसं घालायचं, शिट्टी कशी वाजवायची हे दाखवलं. दाखवण्यावर काकांचा विश्वास नसतो. त्यांनी स्वतःची शिट्टी वाजवून बघितली, मग काकूंची, मग आमच्या तिघांची, आणि मग रांगेतल्या अनोळखी लोकांच्या शिट्ट्या तपासायला निघाले. ते बघून डेकवरच्या यच्चयावत पोरांनी आपापल्या शिट्ट्या फुंकायला सुरुवात केली. बोट सुटायच्या आधीच कप्तानानं सगळ्यांना शांत राहण्याची विनंती केली. "एक शिट्टी मंद होती," काका मला म्हणाले. "बदलून घेतली."

मोठ्यांचा डेक मात्र हरेशभाईंनी सांगितला होता तसाच निघाला. वरच्या मजल्यावर, दोरी लावलेला, पसरायच्या खुर्च्या, समोर नुसतं पाणी. तिथल्या पन्नाशीच्या कर्मचाऱ्याच्या छातीवर कांबळे नावाची पट्टी होती. काकांनी पट्टी वाचली आणि म्हणाले, "जय भीम." त्यानंही हसून जय भीम केला. त्याचं गाव खेडकडचं निघालं, मग दोघांचं काहीतरी बोलणं झालं, आणि काकूंना कोपऱ्यातली, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशी खुर्ची मिळाली. काकू बसल्या. पाय वर घेतले. समोर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "अगं बाई, खरंच काठ नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निकाल स्पष्ट दिसायला लागला. नमुना क्रमांक दोनची अवस्था वाईट होती. मंगेशला बोट लागली होती. सानू घसरगुंडी, जादूचे प्रयोग, चित्रकला आणि आइस्क्रीम यांच्यामध्ये धावत होती आणि मी तिच्या मागे चपला घेऊन धावत होते. समुद्र म्हणाल तर मी जेवणाच्या रांगेतून एका गोल खिडकीतून बघितला. नमुना क्रमांक एक मात्र वरती खुर्चीत होता. काकूंनी दोन दिवसांत एक अख्खा दिवाळी अंक वाचला होता. वाचला म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधे कुणाची चड्डी न बदलता.

"लिहून घे," काका म्हणाले. "फॅमिली क्रूझ ही मुलाशिवाय आलेल्यांसाठीच बनवलेली आहे. मुलं घेऊन आलेले लोक ड्युटीवर असतात. लोक उलटं समजतात."

"आणि गोंगाट?"

"गोंगाट खालच्या मजल्यावर. जेवणाला मुलं साडेसातला येतात, आपण नऊला जायचं. घसरगुंडी दुपारी रिकामी असते, पण सुमन काही बसणार नाही घसरगुंडीवर." "दोघंच येणाऱ्यांनी एकच बघावं, वरच्या डेकची दोरी खरी आहे का. दोरी खरी असेल तर पास."

हे सगळं बरोबरच होतं, आणि कुलकर्णीबाईंना मी परत आल्यावर शब्दशः सांगितलं. पण एक गोष्ट मला खटकत होती. वरच्या डेकवर दोन खुर्च्या होत्या आणि एक कायम रिकामी असायची. काका तपासणीला गेलेत, असं काकू सांगायच्या. आता चार मजली बोट दोन दिवसांत तपासून होत नाही का? सानूला विचारलं तर म्हणाली, "काका घसरगुंडीजवळ असतात. सगळ्यांना रांग लावतात. पाय पुसल्याशिवाय जिना चढू देत नाहीत." तिनं त्यांच्यापुढे सवयीनं मनगट धरलं तर म्हणे त्यांनी पेनासाठी खिशात हात घातला, आणि मग तसाच बाहेर काढला. "आता बंद आहे बेटा," असं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचही जण एकत्र जेवायला बसलो. मंगेश ताकभातावर होता. काका ताटं घेऊन आले, काकूंचं आधी ठेवलं, समोर बसले आणि मंगेशशी इंजिनाच्या खोलीबद्दल बोलत बोलत काकूंच्या ताटातल्या चपातीचे तुकडे करायला लागले. बोटाच्या पेराएवढे तुकडे. एक चपाती झाली, दुसरी घेतली. तुकडे ताटाच्या कडेनं ओळीत लावले, वरणाची वाटी लांब सरकवली, म्हणजे हात लागून सांडू नये. बोलणं चालूच होतं. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे बघायला लागलो, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "मला दात आहेत."

सानू खो-खो हसली. मंगेशही हसला. काकाही हसले, पण त्यांचे हात टेबलावर तसेच पडून राहिले, पुढे काय करायचं ते न कळल्यासारखे. काकूंनी ते बारके तुकडे एक एक करून सगळे खाल्ले. मी काही हसू शकले नाही. इतकी वर्षं आम्ही सगळ्या ज्याला म्हाताऱ्याची हुकूमशाही म्हणत आलो ती काय होती, हे मला त्या ताटात पहिल्यांदा दिसलं, आणि जिन्यात मी डोलावलेल्या मानेची मला लाज वाटली.

जेवण झाल्यावर सानूला चित्रकलेला सोडून मी वर गेले. काकू खुर्चीत झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, ओढणी गळ्याशी गोळा झालेली, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. काका दोरीपाशी उभे होते, हात मागे बांधून. दोन पोरं धावत जिना चढून आली तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना असं परत पाठवलं की त्यांच्या पावलांचा आवाजही झाला नाही.

"काका," मी हळूच म्हटलं, "तुम्हाला करमत नाहीये."

मला वाटलं, रिजेक्ट म्हणतील. पण ते समुद्राकडे बघत म्हणाले, "नाही करमत. अजिबात करमत नाही. घरी गेल्यावर सकाळी आठला बेल वाजणार नाही. मी आठला काय करायचं, मला माहीत नाही. मी चौतीस वर्षं लोखंड तपासलं, माधुरी. एका तरी तुकड्यानं कधी विचारलं का, काका आज उशीर का झाला?" त्यांनी नाक ओढलं. "मला पोरं पाहिजेत. मी काय खोटं बोलू."

"मग सांगा ना काकूंना! आम्ही सगळ्या मदतीला येऊ, बाई ठेवू, उठबस तुम्ही करा. दोनच मुलं घ्या. तुम्ही एक शब्द बोललात तरी त्या पुन्हा सुरू करतील."

"म्हणूनच बोलायचं नाही," काका म्हणाले. "मी बोललो की ती करेल."

त्यांनी मान खुर्चीकडे वळवली.

"हिला बघ," ते म्हणाले. "दुपारची झोपलीय. तू हिला कधी दुपारची झोपलेली बघितलंयस? मीही नाही. मी कामावर असायचो, मला वाटायचं पोरं झोपली की ही पण झोपत असेल. रिटायर झालो तेव्हा कळलं. दहा पोरं झोपली की एक उठतंच. त्याला झोपवलं की दुसरं. तीस वर्षं ही भिंतीला टेकून बसलीय. आता झोपलीय, तर मी तिला उठवू? माझ्या करमणुकीसाठी?" आणि मग माझ्याकडे वळून, पोरांना दटावायच्या त्या जुन्या आवाजात, पण अगदी हलकेच, "तू पण बोलायचं नाहीस. सोसायटीतल्या त्या बायकांना पण नाही. म्हातारा खडूस आहे म्हणतात ना, म्हणू देत."

मी मान हलवली. आम्ही दोघं दोरीपाशी तसेच उभे राहिलो. खालून लाउडस्पीकरवर चारच्या जादूच्या प्रयोगाची घोषणा झाली, तो प्रयोग संपला, टाळ्या पडल्या, मुलं बाहेर आली. वर फक्त वारा होता.

काकूंनी कूस बदलली. डोळे न उघडताच पुटपुटल्या, "अहो, किती वाजले? उठते मी."

काकांनी घड्याळ बघितलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती, मलाही दिसत होतं. सेकंदाचाही फरक ज्यांना उभ्या जन्मात चालला नाही, ते पगारेकाका बायकोच्या जवळ गेले आणि तिच्या पायांवरची शाल सारखी करत म्हणाले, "आत्ताशी तर दोन वाजलेत. झोप तू."